काराजिल्गाच्या घरांना आतली दारं का नाहीत

या मंडळी, आत या. उंबरठ्यावर पाय देऊ नका, ओलांडून या. हे घर माझं नाही, आमच्या जिन्यातल्या शाळामास्तरचं आहे. पाहुण्यांना दाखवायला त्याने मला किल्ली देऊन ठेवली आहे, आणि पाहुणे आले की तो मुद्दाम बाहेर जातो. माझी गोष्ट त्याने फार वेळा ऐकली आहे.

आता नीट बघा. बाहेरचं दार लोखंडी, दोन कुलपांचं. आणि आत एकही दार नाही. चौकटी आहेत, बिजागऱ्यांच्या खाचा आहेत, त्या रंगाने बुजून गेल्या आहेत. दारांच्या जागी हे नमद्याचे पडदे. नमदा म्हणजे मेंढीची लोकर भिजवून, तुडवून, लाटून केलेलं जाड कापड. गावात कुठल्याही इमारतीत, कुठल्याही मजल्यावर जा, हेच दिसेल. न्हाणीघराला मात्र दार आहे, काळजी करू नका. तेवढी अक्कल आम्हाला आहे.

तुमच्याबरोबरची ही डॉक्टरकी शिकणारी मुलगी माझं बोलणं तुम्हाला मराठीत सांगते आहे. ती म्हणते, तुमच्या मुलखात शनिदेवाचं एक गाव आहे, तिथे घरांना बाहेरचीच दारं नाहीत, चोराला देव बघून घेतो. आमचं उलटं. चोरासाठी दार आहे, घरच्यांसाठी नाही. असं का, ते खाली बॉयलरघराकडे चालता चालता सांगतो. आणि एक आधीच सांगून ठेवतो. ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्या हिवाळ्यात मी गावात नव्हतो, म्हणून मी 'म्हणे' म्हणतो. जे गावात होते ते माझ्याहून जास्त मीठमसाला लावून सांगतात.

काराजिल्गा म्हणजे काळी घळ. पूर्वी इथे उन्हाळ्यात मेंढपाळ यायचे आणि पहिलं बर्फ पडायच्या आत निघून जायचे. हिवाळ्यात इथे माणसाने राहू नये असं आमचे वाडवडील सांगत. मग मॉस्कोतल्या कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं आणि इथे सुयांचा कारखाना उभा राहिला. शिवणयंत्राच्या सुया. पार बाल्टिक समुद्रापर्यंत कुणाचंही पोलकं शिवलं जायचं ते आमच्या सुईने, अशी आमची मिजास होती. कारखान्याबरोबर या पाच मजली इमारती आल्या, सिनेमाघर आलं, आणि हे समोर दिसतंय ते उंच धुराडं आलं.

हे धुराडं कारखान्याचं नाही, बॉयलरघराचं. इथे घरोघरी चूल नव्हती. एका मोठ्या बॉयलरमध्ये कोळशावर पाणी तापायचं आणि ते नळांतून सगळ्या घरांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरायचं. साऱ्या गावाची एकच चूल म्हणा ना. ती विझली की नळांतलं पाणी गोठणार, गोठलं की नळ फुटणार, आणि सगळे नळ एकदा फुटले की गाव संपलं. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

या बॉयलरघराची मुकादम एक बाई होती. तिचं नाव बुरुल. सगळे तिला बुरुल एजे म्हणत; एजे म्हणजे मोठी बहीण. अंगाने किडकिडीत, बोलण्यात तिखट, आणि फावड्यावर तिचा हात असा की पुरुषांनी बाजूला उभं राहून बघावं. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगा, एर्मेक. तो सक्तीच्या लष्करी नोकरीवर गेला, त्याला अफगाणिस्तानच्या लढाईत धाडलं, आणि तिथून जस्ताची बंद पेटी आली. पेटी उघडायची नाही असा हुकूम होता. बुरुलने फार विनवण्या केल्या म्हणे, एकदा तोंड बघू द्या म्हणून. नाही बघू दिलं. पेटी तशीच मातीत गेली. त्या दिवशी बुरुलने घरी येऊन एर्मेकच्या खोलीचं दार ओढून घेतलं, ते पुढे कित्येक वर्षं उघडलं नाही. ती स्वतःही आत जात नसे. येता-जाता दारावर तळहात टेकवायची आणि कामावर जायची.

आता तो हिवाळा. देश मोडला होता. ज्या मुलखातून रेल्वेने आमचा कोळसा यायचा तो मुलूख रातोरात परका झाला, आणि कोळशाच्या गाड्या थांबल्या. कारखान्याला पोलादाची तार मिळेना, तो बंद पडला. शरद ऋतूत राजधानीहून निरोप आला, की नळांतलं पाणी सोडून द्या, घरांना कुलपं लावा आणि खाली मैदानात या, पुढचं पुढे बघू. ट्रक आले. निम्मं गाव गेलं. त्यात रशियन होते, महायुद्धात इकडे हाकलून आणलेले जर्मन होते, आमचेही होते. त्यांना नावं ठेवू नका. ज्याला जिथे जगता येईल असं वाटलं तिथे तो गेला.

पण बॉयलरघरात पाणी सोडायची चावी बुरुलच्या हातात होती, आणि ती म्हणाली, "मी सोडणार नाही. हे नळ एकदा रिकामे झाले की परत कुणी भरायला यायचं नाही. ज्याला जायचं त्याने जावं. ज्याला राहायचं त्याच्या रेडिएटरला ऊब असेल, हा माझा शब्द."

शब्द द्यायला काय लागतं? कोळसा निम्म्या हिवाळ्यापुरताच होता. मी तेव्हा ट्रक चालवत होतो. घाटापलीकडे आपल्याच मुलखात एक लहानशी खाण होती, तिथून कोळसा आणायला आम्ही चार ड्रायव्हर निघालो. माझी बायको गुलायम आणि आमचं तान्हं मूल मागे गावात राहिलं. आम्ही पलीकडे उतरलो, ट्रक भरले, आणि घाटावर बर्फाचा कडा कोसळून रस्ता बंद झाला. आता वसंत येईपर्यंत तो उघडणार नव्हता. म्हणजे कोळसा पलीकडे, बॉयलर अलीकडे, आणि मधे डोंगर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

इथून पुढचं सगळं गुलायमचं सांगणं आहे. ती रंगवून सांगत नसे, म्हणून तिच्यावर माझा भरवसा.

थंडी अशी पडली की चहाची बशी खिडकीत ठेवली तर पाहता पाहता तिचं बर्फ व्हायचं. काही जण म्हणतात, त्या साली माणसाची हाकही हवेत गोठली आणि वसंतात ऐकू आली. ते सोडून द्या. लोकांनी वरचे मजले रिकामे केले, खालच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहायला आले. कोळसा संपला तशी कारखान्याची लाकडी खोकी जाळली, मग कुंपणं, मग सिनेमाघराच्या खुर्च्या. गोठ्यातल्या शेणी जाळल्या. डोंगरउतारावरची झाडं मात्र कुणी तोडली नाहीत. ती झाडं वरचं बर्फ धरून ठेवतात, ती गेली तर बर्फाचा कडाच गावावर यायचा.

आणि एक दिवस बॉयलरघरात टाकायला काही उरलं नाही. बुरुल सरळ घरी गेली, स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, आपल्या निजायच्या खोलीचं उतरवलं, आणि दोन्ही पाठीवर घेऊन चौकातून चालत निघाली.

वाटेत तिला तुर्दाकुन अक्सकाल आडवा आला. अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा, गावातला वडीलधारा माणूस. आमच्यात दार आणि उंबरठा म्हणजे घराचा मान. दुसऱ्याचा उंबरठा तुडवला तर भांडण होतं, आणि दार जाळणं तर थेट वंश बुडवणं. तुर्दाकुन काठी आडवी धरून म्हणाला, "बुरुल, दार जाळणाऱ्याच्या घरी दिवा लागत नाही. हे पाप गावाच्या माथी मारू नकोस."

बुरुलने पाठीवरचं ओझं उतरवलं नाही. तशीच वाकून तिने विचारलं, "अक्सकाल, तुम्ही बोझुईत जन्मलात ना?" बोझुई म्हणजे आमची नमद्याची गोल राहुटी.

"बोझुईतच."

"तिला दारं किती होती?"

"एक."

"आणि आत?"

"आत कसली दारं? सगळे एकत्रच असायचे."

"मग ही आतली दारं तुमच्या-माझ्या पूर्वजांनी कधी पाहिलीच नाहीत. त्यांचा शाप बाहेरच्या दाराला लागतो. त्याला मी हात लावणार नाही. सरका बाजूला, पाठ मोडतेय माझी."

तुर्दाकुनने आडवी धरलेली काठी बाजूला घेतली म्हणे. वकिलाला सुचला नसता असा मुद्दा होता. मग तो घरी गेला, आणि संध्याकाळी त्याच्या दोन सुना आपापली दारं घेऊन बॉयलरघरापुढे रांगेत उभ्या होत्या.

त्यानंतर इमारतींच्या पाळ्या लागल्या. आज या जिन्याची दारं, उद्या त्या. ती दारं पांढऱ्या तेलरंगाची, जळताना त्यांचा असा उग्र धूर व्हायचा की बुरुलचे डोळे लाल ते लालच. चौकटी मात्र कुणी काढल्या नाहीत. त्या उखडल्या तर भिंतीचा गिलावा निघतो, आणि मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणाही चौकटींवरच होत्या. नवविवाहित जोडप्यांनी सुरुवातीला चादरी टांगल्या. सासवा रोज सकाळी सगळ्यांना काय काय ऐकू आलं ते सांगायच्या. त्या हिवाळ्यात गाव इतकं हसलं की नंतर कधी तेवढं हसलं नाही, असं गुलायम म्हणायची. हसू आणि भीती एकाच घरात राहत होती.

मग दारंही संपली. घाट अजून बंदच. आता जमिनीच्या फळ्या काढायच्या असं ठरलं. पण पहिल्या सकाळी बॉयलरघरापुढे कुणी आलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणी नव्हतं: बुरुलच्या घरी अजून एक दार आहे. ही तुमची पोरगी म्हणते, तुमच्यात म्हण आहे, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आमच्याकडेही तशीच एक आहे, पण ती बायकांपुढे सांगण्यासारखी नाही.

कुणाची बोलायची छाती होत नव्हती. मुलाची खोली होती ती. ज्या आईला पेटी उघडू दिली नाही, तिला दार उघड कसं म्हणायचं? पण बॉयलरवरच्या दाबाच्या काट्याला दयामाया नव्हती. तो खाली सरकत होता. टोकाच्या इमारतीत एक नळ तडकलाच.

शेवटी माझी बायको गेली. पदरात तान्हं मूल, नवरा घाटापलीकडे, जिभेला हाड नाही. भर दुपारी बॉयलरघरात जाऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "एजे, तुमच्याकडे एक दार आहे."

बुरुल भट्टी उकरत होती. तिने वळून पाहिलं नाही. म्हणाली, "एका दाराने काय होतंय?"

"काही होत नाही," गुलायम म्हणाली. "पण ते आल्याशिवाय दुसरं काही येणार नाही. माझ्या पोराचे ओठ निळे पडलेत, एजे. तुमच्या पोराला आता थंडी वाजत नाही."

मंडळी, हे वाक्य तिने मला सांगितलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो. असं बोलतात का कुणाला! ती म्हणाली, बोलावं लागलं. आणि रडली. बोलायच्या आधी नाही, नंतर.

बुरुल फावडं ठेवून निघाली. लोक अंतर ठेवून मागे. घरी जाऊन तिने दारावर तळहात टेकवला. मग पेचकस घेऊन बिजागरीला भिडली, तर पेचांवर रंगाचे थर चढलेले, एकही हलेना. ती खरवडत राहिली, तिचे हात सोलवटले. कुणी पुढे होईना. तेव्हा तुर्दाकुन अक्सकाल छिन्नी घेऊन आला, बिस्मिल्ला म्हणाला आणि गुडघे टेकून खालच्या बिजागरीला लागला. वरची तिने सोडवली, खालची त्याने.

दार निघालं आणि आतून उबेचा झोत आला. सगळ्यांच्या तोंडावर आला. काय होतं, की ती खोली बॉयलरकडून येणाऱ्या मुख्य नळाला लागून होती आणि दार घट्ट बंद. तिथला रेडिएटर इतकी वर्षं रिकाम्या पलंगाला ऊब देत होता. सारं गाव काकडत होतं आणि गावातली सगळ्यात उबदार खोली तीच होती, आणि हे खुद्द बुरुललाही ठाऊक नव्हतं. ती चौकटीत उभी राहून म्हणाली, "अरे देवा. मी कुणासाठी तापवत होते हे?" मग वळली, गुलायमच्या हातातून आमचं पोर घेतलं आणि एर्मेकच्या पलंगावर ठेवलं.

जिन्यातली सगळी लहान मुलं त्या खोलीत आली. पलंगावर आडवी, जमिनीवर आडवी. आणि बुरुल दार पाठीवर घेऊन बॉयलरघराकडे निघाली. असं सांगतात की त्या एका दारावर बॉयलर रात्रभर चालला, काटा खाली आलाच नाही. मी त्या बॉयलरला वर्षानुवर्षं कोळसा वाहिला आहे. एका दारावर पाऊण तासही निघत नाही. पण सांगणारे सगळे तेच सांगतात, आणि ज्यांनी फावडं धरलं होतं तेही तेच सांगतात, म्हणून मी वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरघरापुढे फळ्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांची रांग चौकापर्यंत होती, हे मात्र गुलायमने डोळ्यांनी पाहिलं.

आणि आता जे सांगतो त्यात 'म्हणे' नाही. घाट उघडला तेव्हा पहिला ट्रक माझा होता. वरच्या वळणावरून गाव दिसतं. तिथे मी ट्रक थांबवला, कारण खाली बघायची हिंमत होत नव्हती. वाटलं, धुराडं थंड असेल तर उतरायचं कशाला? मग बघितलं. धूर होता. काळा, पातळ, रंगाच्या वासाचा, पण होता. बाकीचे ड्रायव्हर मागून भोंगा वाजवत होते आणि मला डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं.

पुढे हळूहळू दिवस बरे आले. कारखाना काही परत सुरू झाला नाही, तो तुम्ही बघितलाच, त्यात आता मेंढ्या बांधतात. पण गाव राहिलं. सुतार आला, त्याने पहिलं दार बुरुल एजेच्या घरी फुकट बसवतो म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "नको. दार होतं तोवर मी त्याच्या खोलीत एकदाही गेले नाही. आता रोज जाते." तिच्या घरी दार नाही म्हटल्यावर आपल्या घरी कुठल्या तोंडाने बसवायचं? लोकांनी नमदे टांगले. आज नवीन घर बांधणारेही नमदेच टांगतात, ज्यांचा तेव्हा जन्म नव्हता तेसुद्धा.

चला, बॉयलरघर बघून झालं. चहा माझ्या घरी. जिने जरा जपून चढा.

आजही गावात कुणाच्या घरी माणूस गेलं की मूठमाती देऊन आल्यावर शेजारी येतात आणि गेलेल्याच्या खोलीचा पडदा काढून नेतात. घरच्यांना विचारत नाहीत. ती खोली उघडी राहते, येता-जाता दिसते, पोरं तिच्यातून पळतात. चाळिसावा दिवस झाला की पडदा धुवून परत आणायचा अशी रीत आहे, पण घरचं माणूस अजून सावरलं नसेल तर आणत नाहीत. कधी आणायचा ते पडदा नेणारा ठरवतो. त्यापुढे कुणाचं चालत नाही.

बसा, इथे बसा. हो, ती चौकट मोकळी आहे. गुलायम मागच्या हिवाळ्यात गेली. पडदा बुरुल एजेने नेला. आहे ना ती अजून! तळमजल्यावर राहते. ऐंशीच्या पुढची बाई धापा टाकत हे जिने चढून आली, खुर्चीवर चढायला लागली, मी अडवलं तर माझ्यावरच खेकसली. चाळिसावा कधीच होऊन गेला. मी एकदा पडदा मागायला गेलो. म्हणाली, वाळला नाही अजून. उन्हाळ्यात परत गेलो. तर मला विचारते, "तिचे कपडे दिलेस कुणाला?" मी म्हटलं, नाही. कपाट उघडलं नाही. तिने मला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

पोरी, हे एवढं त्यांना सांगून झालं की मग तू माझं ऐक, हे तुझ्यासाठी आहे. सकाळपासून बघतोय, त्या पातळ जाकिटात तू कुडकुडते आहेस. तुमच्याकडच्या पोरींना आमच्या थंडीचा अंदाज येत नाही. आत ये. हे कपाट. थांब, दार जरा अडकतं, मीच उघडतो.

हा गुलायमचा कोट. आतून कोकराची लोकर आहे. घाल. बाह्या थोड्या लांब होतील, दुमडून घे. नाही म्हणायचं नाही. आणि जाताना तळमजल्यावर एजेचं दार वाजव. जोरात वाजव, तिला कमी ऐकू येतं. काही बोलायची गरज नाही. तिच्यासमोर नुसती उभी राहा. तिला कोट ओळखू येईल.